सुरुवात न पाहिलेले साडू

परभणी जिल्ह्यात सर्वाधिक सिनेमे कुणी पाहिले याविषयी वाद होऊ शकेल; परंतु एकाही सिनेमाची सुरुवात न पाहता साठीला टेकलेला रसिक एकच आहे आणि ते माझे साडू आहेत, हे मी नम्रपणे नमूद करतो. ताडकळसला आमची घरे एकाच गल्लीत आहेत. त्यांच्या पत्नी माझ्या पत्नीच्या थोरल्या भगिनी. त्यामुळे मान त्यांचा आणि भाड्याच्या जीपमधली पुढची जागाही त्यांची.

परभणीला सिनेमाला जायचे तर साऱ्या गोतावळ्याने जायचे, हा त्यांचा दंडक. जीप निघते आणि पहिल्याच वळणावर थांबते. सासूबाईंचा चष्मा घरी राहिलेला असतो. चुलत मेव्हणीचे दूध तापायचे असते, म्हणून साडू तिच्या ओट्यावर बसून त्याच दुधाचा चहा घेतात. वाटेत कुणी एसटीची वाट पाहताना दिसला की त्यालाही आत घेतात. एकदा असाच एक गृहस्थ पोटदुखीसाठी दवाखान्यात निघाला होता. ‘‘मध्यंतरात जाऊन या की!’’ साडू म्हणाले. तो मध्यंतरात भजी खाऊन आला. मी मागच्या बाकावर घड्याळ पाहत बसलेला असतो. मी शिक्षक; मला वेळेवर पोचण्याची सवय आहे. त्या सवयीपायी मी बहुतेक ठिकाणी एकटाच पोचत आलो, हे अलीकडे जाणवू लागले आहे.

टॉकीजच्या काळोखात परक्यांच्या गुडघ्यांवरून आमची वरात सरकते. सर्वांना बसवून झाले की साडू शेजारच्या अनोळखी माणसाला विचारतात, ‘‘कोण मेलं का आतापस्तोर?’’ मी एकदा हळूच नाराजी बोलून दाखवली, तर म्हणाले, ‘‘सर, सुरुवातीला असतंय काय? माय देवापुढं दिवा लावती, पोरगं पळाय लागतं अन् पळता पळता मोठं व्हतं. आपण जाईपस्तोर मोठं झालेलंच असतंय. वाढवायचा ताप वाचला!’’

आणि मग परतीच्या वाटेवर, न पाहिलेली ती सुरुवात ते आम्हांला रचून सांगतात. एका सिनेमातला खलनायक नायकाच्या जिवावर का उठला, हे कुणालाच कळले नव्हते. साडूंनी त्या दोघांना लहानपणी गोदावरीच्या पुरात एकाच ओंडक्यावर बसवले आणि असे वैर जुळवले की ड्रायव्हरने ऐकण्यासाठी जीप बाजूला घेतली. पुढे तो सिनेमा टीव्हीवर लागला. खरी सुरुवात पाहून सासूबाई चिडल्या. ‘‘बदलली की वो ह्यांनी! आमच्या जावयाची लय चांगली व्हती.’’

यंदा मात्र प्रसंग बाका आला. साडूंची धाकटी लेक कॉलेजच्या नाटकात उभी राहिली आणि नाटक परभणीच्या नाट्यगृहात ठरले. तिने वडिलांना बजावले, ‘‘पप्पा, मी पहिल्याच प्रवेशात हाय. लग्न होऊन जाते, परत येतच न्हाई. तुमी उशीर केला तर मी दिसायची न्हाई.’’ साडूंचा चेहरा उतरला. ‘‘अन् तुझ्या आजीला कोण आणील?’’ एवढेच ते पुटपुटले.

त्या दिवशी मी त्यांना दुपारच्या बसमध्ये जवळजवळ ढकलले. ‘‘माणसं मी आणतो,’’ म्हणालो.

‘‘सगळी?’’ त्यांनी खिडकीतून डोके काढून विचारले.

‘‘सगळी.’’

नातीचे नाटक म्हणून सासूबाईंनी नेसलेले लुगडे पसंत न पडून दुसरे नेसले. दूध तापले. माझ्यासारख्या शिस्तीच्या माणसाने दोन ओट्यांवर चहा घेतला, नको म्हणवेना. आम्ही नाट्यगृहात शिरलो तेव्हा दुसरा प्रवेश चालू होता.

साडू पुढच्या रांगेत एकटे बसले होते. शेजारच्या खुर्च्यांवर रुमाल, पिशवी, टोपी, पाण्याची बाटली, अगदी एक चप्पलसुद्धा ठेवून त्यांनी आमच्या जागा धरल्या होत्या.

‘‘पोरगी कुठाय?’’ सासूबाईंनी विचारले.

‘‘गेली सासरी.’’

‘‘मला न भेटता?’’

चप्पल उचलून साडूंनी सासूबाईंना जागा करून दिली.

परतताना लेक जीपमध्ये त्यांच्याजवळ बसली होती; गालावरचा रंग पुरता पुसलेला नव्हता. सगळे साडूंच्या मागे लागले, सुरुवात सांगा. आज त्यांनी ती प्रत्यक्ष पाहिली होती, आणि आज त्यांना काही सुचेना. शेवटी लेकच म्हणाली, ‘‘सांगा की पप्पा, मी कशी आले?’’

साडूंनी रुमालाने तिच्या गालावरचा उरलेला रंग पुसला.

‘‘तू आलीस ते कळलंच न्हाई माय,’’ ते म्हणाले. ‘‘गेलीस, तेवढं दिसलं.’’