दूध सोसायटीत हात वर करणारे बाहुले

स्वतःला न कळलेल्या गोष्टीवर जीव ओवाळून टाकणारा माणूस आख्ख्या बीड जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका माझा मामा निघाला. पालीच्या शाळेत तो चित्रकला शिकवायचा. एकदा औरंगाबादला कुठल्याशा फिल्म क्लबात त्यानं परदेशातला एक लघुपट पाहिला. त्यात माणूस एकही नाही; नुसतं एक कपाट आणि शेकडो बूट, एकेक फोटो काढून हलवलेले. कपाट भाषण करतं, बूट टाचा आपटून दाद देतात आणि शेवटी कपाट सगळ्या बुटांना गिळून टाकतं. "तिकडच्या कम्युनिस्ट राजवटीला हाणलंय बघ," मामा मला सांगायला लागला. "कपाट म्हंजी पक्ष." मी विचारलं, "आणि बूट?" "बूट म्हंजी तू." मी दोन दिवस नुसता स्वतःच्या पायांकडं बघत होतो.

तेव्हापासून मामाचं काही खरं राहिलं नाही. जेवताना आमटीची वाटी बोटभर सरकवायची, डोळे मिटायचे, परत बोटभर सरकवायची. "एका सेकंदाला बारा फोटू लागत्यात," हे तो भाकरी वाढणाऱ्या मामीलाही सांगायचा. एकदा घरी आलेल्या पाव्हण्याला त्यानं मान अर्धा इंच डावीकडं करायला लावली. तो बिचारा चहा न घेताच निघाला. त्या साली दुष्काळ असा, की बिंदुसरा धरणाचा तळ उघडा पडला. सगळं गाव कपाळाला हात लावून बसलेलं आणि मामा स्वतःच्या पिक्चरमधल्या बाहुल्यांसाठी सायकलवर पोती लादून तळातली चिकणमाती आणतोय! "असली माती धरण भरल्यावर घावती व्हय?" बाहुल्यांना तडे जाऊ नयेत म्हणून तो टँकरच्या पाण्यातलं तांब्याभर पाणी त्यांच्यावर शिंपडायचा. मामी लई कावायची. पण हंडा तिनं कधी लपवला नाही.

पिक्चर होता आमच्या दूध सोसायटीवर. मी तिथं कारकून. जनावरं छावणीला, दुधाचा टिपूस नाही, पण सभा मात्र वेळेवर. चेअरमन विचारणार, "मंजूर?" आणि सगळे हात वर करणार. मामाच्या पिक्चरमध्ये चेअरमन म्हणजे दुधाचा रिकामा कॅन. कॅननं झाकण उघडलं, की चाळीस बाहुल्यांचे हात वर. दर खेपेला हात वीतभर लांबायचे आणि शेवटी खांद्यातून निखळून कॅनमध्ये पडायचे. शेवटच्या रांगेतला एकच बाहुला हात मांडीवर ठेवून बसलेला. आता मामाची शाळा त्याच चेअरमनच्या संस्थेची! मी म्हटलं, "मामा, नोकरी घालवतूस काय?" तो म्हणाला, "जाऊ दी. एकाला जरी कळलं ना, तरी बास."

वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत 'मनोरंजन' म्हणून मीच तो पिक्चर घातला. चार मिनिटांत आठ महिन्यांची मेहनत संपली. कुणी हसेना, कुणी चिडेना. चेअरमन माझ्या कानाशी लागले, "हे काय हाय बे?" मी खरं ते सांगितलं, "न्हाई कळलं, साहेब." आता काय करावं ते त्यांनाही सुचेना. मग त्यांनी सवयीनं विचारलं, "मंजूर?" सगळ्या सभेनं हात वर केले. "मंजूर!" मला हसू फुटणार होतं, पण माझाही हात वरच होता. मी मामाकडं पाहिलं. त्याचाही वर होता. दुसऱ्याच कुणाचा असावा तसा तो स्वतःच्या हाताकडं बघत होता, आणि तो खाली कसा घ्यायचा हे त्याला उमजत नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

नोकरीला काही झालं नाही. घरी आल्यावर, बायकांच्या रांगेतून सगळं पाहिलेली मामी म्हणाली, "अवो, त्यो मागं बसलेला, हात वर न करणारा, त्यो तुमीच ना?"

"व्हतो," मामा म्हणाला.

"आसू द्या. म्या न्हवता केला वर."

मामा तिच्याकडं बघतच राहिला. पुढं त्यानं पिक्चर काढला नाही. आता मामा नाही. शेवटच्या रांगेतला तो एक बाहुला मामीच्या कोनाड्यात आहे, आणि टँकर असो नसो, ती त्याच्यावर ओलं फडकं टाकते. मला तो पिक्चर अजून कळलेला नाही. परवा तिलाच विचारलं, "मामी, तुला सगळा कळला होता का गं?"

"मला कुठलं कळतंय," ती म्हणाली. "फडकं वाळलं बघ. भिजवून आण."