लच्छूच्या मागे कोण होतं?

आमच्या घरी अमावास्येला नारळ फुटला तर तो चटणीसाठी. झपाटणं, लागीर वगैरे गप्पा सुरू झाल्या की मी उठून जायचो. त्यामुळे हे इथे, अशाच अनुभवांच्या या पानावर, लिहिताना लाज वाटतेय... तरी लिहितो.

अंबरनाथ पूर्वेला आमच्या सोसायटीचा भटकंतीचा ग्रुप आहे. सगळे पन्नाशीच्या आसपासचे. यंदा रेवदंड्याचा किल्ला ठरला. सोबत लच्छू – माझा कॉलेजपासूनचा सिंधी मित्र. उल्हासनगर कॅम्प ५ मध्ये त्याचं पडद्यांच्या कापडाचं दुकान आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून तो नको म्हणत होता. आग्रह माझाच.

आमच्यात एक नियम आहे. सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या मागे एकाने राहायचं, त्याला सोडून पुढे जायचं नाही. त्या दिवशी तो शेवटचा माणूस मी होतो.

आतले अवशेष, मनोरा पाहून झाल्यावर ओहोटी आहे तोवर तटाच्या बाहेरून, समुद्राच्या कडेने फिरून यायचं ठरलं. टळटळीत ऊन. लच्छू सारखा काठी रोवून थांबायचा. "साईं, दो मिनट." पुढचे सगळे वळणाआड गेले. त्यांचं हसणंही ऐकू येईना. मी वैतागलो होतो. लच्छू बुटाची लेस बांधायला वाकला आणि मी काही न बोलता पुढे निघालो. निघताना मनात आलं – जसंच्या तसं लिहितो – 'बस इथेच. येईल पाणी, घेऊन जाईल तुला.'

तोंडातून शब्द काढला नव्हता. मुलांची शपथ.

पुढे सगळे सुरूच्या सावलीत बसले होते. शेजारच्या जोशी वहिनींनी विचारलं, "लच्छूशेठ कुठायत?"

"येतोय मागून."

"शेवटचे तुम्ही ना भावजी? मग तुमच्या मागून कसे येतील?"

मी धावत परत गेलो. पाणी चढायला लागलं होतं. लच्छू एका खडकावर बसला होता, तोंड समुद्राकडे, लाटा मांडीपर्यंत येत होत्या. हाक मारली तर वळलाही नाही.

"अब क्या है? बैठ बोला ना, तो बैठ गया."

"कोण बोललं?"

"तू! इतना टाइम पीछे चल रहा है, कानात एकच. बस इथेच. येईल पाणी, घेऊन जाईल तुला. उठायला गेलो तर खांदा दाबतोस. मुडता हूँ तो बोलता है, वळू नकोस."

मी त्याच्या काखेत हात घालून उचलायला गेलो. तो उठेना. त्याच्या खांद्यांवर कुणी रेललं असावं इतका जड. मी सगळा जोर लावला, आणि माझ्या मानेमागे कुणीतरी वैतागून 'च्च' केलं. मी करतो, अगदी तसं. त्याच क्षणी लच्छू हलका झाला. आम्ही दोघंही पाण्यात पडलो.

त्याला ओढत कोरड्यावर आणलं. पाणी न पोचलेल्या वाळूत त्याचे बूट, काठीची भोकं आणि माझी जाता-येतानाची पावलं होती. आणखी कुणाची नव्हती.

परतताना बसमध्ये तो ड्रायव्हरशेजारी बसला. नंतर फोन घेतला नाही. मागच्या आठवड्यात दुकानात गेलो, तर कापड मोजताना मान वर न करता म्हणाला, "तू नहीं बोला, चल मान लिया. पण तुझ्या मनात होतं का? इतना बता."

"वेडा आहेस का रे?" मी म्हणालो.

"ठीक है," म्हणत त्याने कात्री चालवली.

तिथे कोण चालत होतं, माझ्या मनातलं त्याला कसं कळलं, हे मला आजही सांगता येत नाही. या पानाला लच्छू हसतो, पण न चुकता वाचतो.

लच्छू, होतं. माझ्या मनात होतं.