पडद्यावरची रेघ

पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या लहानशा कारखान्यात अनुसूयेचा हात धरणारं कोणी नव्हतं. काम एका दमात सांगता येण्याजोगं. यकृताचा तुकडा तपासणीसाठी काढायची जी लांब सुई असते, तिच्या अंगावरच्या खाचेत केसाएवढा काचेचा तंतू चिकटवायचा. सुई शरीरात शिरली की वाकते आणि डॉक्टरांना ते दिसत नाही. तंतूला ताण पडला की पडद्यावर कळतं, ती कुठे आणि किती वाकली. सांगायला सोपं, करायला बसलेल्या भल्याभल्यांनी आठवड्यात दुसरं काम मागून घेतलं होतं.

गेल्या दिवाळीपासून अनुसूयेचा उजवा अंगठा थरथरू लागला. तिच्या अप्पांचंही अंगठ्यापासूनच सुरू झालं होतं, आणि शेवटी त्यांना घास भरवावा लागे. दुखण्याचं नाव तिला ठाऊक होतं, फक्त ते उच्चारायचं नव्हतं. जयनगरच्या घरी ती चहा डाव्या हाताने घ्यायची, कारखान्यात कोपर टेबलावर दाबून बसायची. नापास सुया वाढल्या तेव्हा तिने खुशाल ग्लूला नावं ठेवली.

मालक मकरंद पुण्याचा. त्याने हर्षिता या नव्या इंजिनिअर मुलीला सांगितलं की तंतू चिकटवतानाच पडद्याला जोड, म्हणजे बिघाड तिथल्या तिथे दिसेल. जोडणी झाली. अनुसूयेने तंतू उचलला आणि पडद्यावर सरळ जायला हवी ती रेघ शहारू लागली.

मकरंदने खापर हर्षितावर फोडलं. "बेसिक सेटअप जमत नाही तुला? सोमवारी हॉस्पिटलची माणसं डेमोला येतायत. नसेल जमत तर मी दुसरं कुणीतरी बघतो." हर्षिताने वायरी बदलल्या, टेबलाखाली रबर घातलं, शेजारच्या कारखान्यात जाऊन प्रेस बंद ठेवायची विनवणी केली. रेघ शहारतच राहिली. पोरगी डबा न उघडता बसली, तरी अनुसूयेने तोंडातून अवाक्षर काढलं नाही. लाज वाटत होती, पण भीती लाजेहून मोठी होती.

शनिवारी हर्षिता हसतच आली. "अक्का, प्रोग्रॅममध्ये स्वल्प बदल केलाय. एवढंतेवढं हललं तर आता पडद्यावर येणारच नाही." रेघ खरंच सरळ झाली. मकरंदने पाठ थोपटली. अनुसूयेने मात्र हातातली सुई खाली ठेवली. पडद्यावर नाही दिसलं तरी तंतू वाकडाच चिकटणार होता. उद्या कुणाच्या तरी पोटात सुई वाकली असती आणि पडदा सरळ म्हणाला असता.

"ते काढ," ती म्हणाली.

"अक्का, आत्ता कुठे..."

"काढ म्हणते ना."

रेघ पुन्हा शहारली. अनुसूयेने तंतू चिमट्यात अडकवून हात बाजूला घेतला, रेघ थांबली. परत हात लावला, परत तेच.

"हिचं मशीन सरी आहे, काही बिघाड नाही त्यात," ती मकरंदला म्हणाली. "माझा हात हलतो. दिवाळीपासून."

मकरंदने तिच्या अंगठ्याकडे पाहिलं. "काकू, डॉक्टरांना दाखवलंत?"

"काय सांगणार ते माहीत आहे मला."

तिने उठून हर्षिताला आपल्या खुर्चीवर बसवलं. "मनगट टेकव. श्वास सोड, मग चिकटव." पहिल्याच खेपेला रेघ सरळ गेली. मकरंद पडद्यावर वाकून बघत राहिला. अनुसूयेला बरं वाटायला हवं होतं, पण त्या घडीला ती मुलगी तिला डोळ्यांसमोर नको झाली.