ठासणीच्या बंदुकीची दुसरी गोळी

मिशिगनमध्ये डिसेंबरात ठासणीच्या बंदुकीचा सीझन असतो. नोव्हेंबरात साध्या रायफलवाल्यांची हौस फिटली, की मग जुन्या पद्धतीवाल्यांची पाळी. नळीत वरून दारू ओतायची, तेलकट चिंधीत शिशाची गोळी धरून ती गजानं खाली ठासायची, मागे ठिणगी पाडणारी टोपी बसवायची. बार एकच. पुन्हा मारायचं तर सगळा स्वयंपाक पहिल्यापासून.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. हा नाद मला एका काकांनी लावला. आम्ही डेट्रॉइटजवळ नोव्हाय गावात राहायचो आणि ते माझ्याच मोटार कंपनीत वरच्या जागेवर होते. माझी नोकरी त्यांनी लावली, अपार्टमेंट त्यांनी शोधलं, अंगातला जाड कोटही त्यांचाच जुना. दर पार्टीत ते हे सगळं चारचौघांत ऐकवत आणि काकू हसत. त्या थंडीत मी मनाशी पक्कं केलं होतं, या माणसाकडे आता काही म्हणून मागायचं नाही.

सकाळी दहाच्या सुमाराला हरणाचा एक नर समोर आला. मी बार काढला. धूर विरला तेव्हा तो बर्फात बसलेला दिसला. गोळी कमरेत लागली होती. मागचे पाय निकामी झाले होते आणि पुढच्या दोन पायांवर तो स्वतःला ओढत होता.

"रीलोड कर, क्विक!" काका म्हणाले.

मी घाईघाईनं चिंधी, गोळी, गज असं सगळं उरकलं, टोपी बसवली, जवळ गेलो आणि चाप ओढला. नुसतंच फट् झालं. दारू घालायचीच विसरलो होतो. आता गजाला स्क्रू लावून ती गोळी उलटी उपसून काढायची, तीही बधिर बोटांनी.

काका शेजारीच उभे होते. त्यांची बंदूक भरलेली होती आणि ते मला ठाऊक होतं. ते काही बोलले नाहीत, मीही बोललो नाही. हरीण ओरडत होतं. हरणं ओरडतात हे मला त्या दिवशी कळलं. स्क्रू दोनदा निसटला. मला काकांचा संताप आला आणि, खरं सांगतो, त्याहून जास्त त्या हरणाचा आला. मर की एकदाचा, असं मी त्याला मोठ्यानं म्हणालो.

वीसेक मिनिटांनी गोळी निघाली. मग मी बंदूक नीट भरली आणि त्याच्या डोक्यात बार घातला.

काकांनी थर्मास उघडून कॉफी ओतली. "माझी लोडेडच होती रे. म्हटलं, आत्ता मागशील, मग मागशील."

"मग तुम्हीच का नाही शूट केलंत?"

"तुझं डिअर यार! तू आस्क केल्याशिवाय मी कसा मारणार? एक वर्ड बोलायला काय झालं होतं?"

"सुचलंच नाही, काका."

साफ खोटं बोललो मी. त्या वीस मिनिटांत मला दुसरं काहीही सुचलेलं नव्हतं.