लिव्हरमध्ये तुंबलेला राग

लंडनमधल्या हॅरोत राहणाऱ्या कस्तुरीचं डोकं दर महिन्याला पाळीच्या आदल्या दिवशी उठायचं, आणि दर महिन्याला तिच्या सासूबाई अरुणाबाई म्हणायच्या, "आम्हाला नाही बाई कधी असलं काही झालं." डोक्यापेक्षा हे वाक्य जास्त ठणकायचं. घरात कुणीतरी एकदा म्हणावं, हो गं, दुखतंय तुझं, एवढंच तिला हवं होतं.

गोळ्यांना कंटाळून ती स्टेशनजवळच्या लिनबाई नावाच्या एका चिनी वैद्यबाईंकडे गेली. सासूबाई सोबत होत्याच. लिनबाईंनी जीभ पाहिली, दोन्ही मनगटांची नाडी पाहिली आणि निदान केलं: लिव्हरमधली ऊर्जा तुंबलीय, पाळी जवळ आली की ती उसळून डोक्यात चढते. तुंबली कशानं? गिळलेल्या रागानं. सुया टोचता टोचता त्या म्हणाल्या, राग गिळत जाऊ नका.

आता अरुणाबाईंनी उभ्या जन्मात औषधाचा कोर्स कधी अर्धा सोडला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून जेवण झालं की कोमट पाण्याचा पेला घेऊन त्या हजर.

"रागावलीस का?"

"आई, आत्ता राग आला नाहीये."

"नाही आला म्हणून कसं चालेल? जेवणावरच घ्यायचा, नाहीतर बाधेल."

कस्तुरी बिचारी टोस्टरवर रागावली. मग कौन्सिलच्या कचऱ्याच्या डब्यांवर. नवरा नकुल वर्क फ्रॉम होम करायचा; तो डोसच्या वेळी खाली यायचा, मुकाट्यानं बोलणी खायचा आणि पुन्हा मीटिंगला जाऊन बसायचा.

"मनापासून नव्हतं हं," अरुणाबाई शेरा मारायच्या. "असा कसा गुण येईल?"

एवढं करून पाळीच्या आदल्या दिवशी डोकं उठलंच. पडदे ओढून पडलेल्या कस्तुरीपुढे पेला आला.

"आज डबल घे."

आणि कस्तुरीचा बांध फुटला. "आई, दुखतं माझं! इतकी वर्षं दुखतंय! आणि तुम्ही दर वेळी म्हणता, आम्हाला नाही असलं झालं! खोटं बोलते का मी?"

वर मीटिंगमध्ये नकुलनं घाईघाईनं स्वतःला म्यूट केलं. अरुणाबाई पेला धरून पलंगाच्या कडेला बसल्या आणि ते पाणी स्वतःच पिऊन टाकलं.

"माझंही दुखायचं गं," त्या म्हणाल्या. "उलट्या व्हायच्या. सासूबाई म्हणायच्या, आम्हाला नाही असलं काही झालं."

कस्तुरी उठून बसली.

"लिनबाईंची माझीपण अपॉइंटमेंट घे."

"अहो आई, पण तुमची पाळी तर कधीच गेली."

"पाळी गेली," अरुणाबाई म्हणाल्या. "राग आहे ना अजून."