सतरावी मुलाखत

जबलपुरात कॉलेजात समाजशास्त्र शिकवणाऱ्या हेमलताबाईंनी उडत्या तबकड्यांचा अभ्यास धरला, तेव्हा नात्यातल्यांनी यथेच्छ टिंगल केली. "अच्छा, मग पाहुणे उतरले की घेऊन या फराळाला!" बाई हसण्यावारी नेत. तबकड्या असतात की नसतात याच्याशी त्यांना कर्तव्यच नव्हतं. त्यांना हवी होती ती मानणारी माणसं. कोण मानतं, काहून मानतं, मानल्यावर घरचे कसे वागतात. नियम एकच: समोरच्याला खरं-खोटं म्हणायचं नाही, अन् आपलं तर मुळीच काही सांगायचं नाही. पंचवीस वर्षं विद्यार्थ्यांच्या डोक्यात त्यांनी हेच भरलं.

सतरावी मुलाखत शहराच्या टोकाला असलेल्या रांझी वस्तीतल्या भानुमतीची. नवरा कारखान्यातून निवृत्त, मुलगा विपुल तिथेच नोकरीला. कार्तिकातल्या एका संध्याकाळी ती वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली, तर टेकडीवर परातीएवढा नारिंगी गोळा! आवाज नाही, हालचाल नाही. जरा वेळानं विझला. तेव्हापासून घरच्यांनी तिला वेड्यात काढलं होतं.

"मॅडम, तुम्ही शिकलेल्या. सांगा ना, मी पागल आहे काय?" तिनं रडवेल्या आवाजात विचारलं. "विपुल डॉक्टरकडे न्यायचं म्हणून राहिला. एकानं जरी म्हटलं ना, मीही पाहिलं, तरी मला पुरे."

हेमलताबाईंनी नजर वहीकडे वळवली. कारण त्याच संध्याकाळी, रांझीच्याच रस्त्यावर, स्कूटी बाजूला घेऊन त्यांनीही ते पाहिलं होतं. कोणाजवळ अवाक्षर काढलं नव्हतं.

आणि बाई काय म्हणाल्या? "मला काय वाटतं ते महत्त्वाचं नाही. तुम्ही बोला." शाब्बास! नियम पाळला.

भानुमतीनं मुलाखत तिथंच आटोपती घेतली. पण मुलाखत उतरवून घेताना बाई रोज तिथंच अडकत. तिच्या प्रश्नानंतर रेकॉर्डिंगमध्ये अकरा सेकंद नुसता पंखा घरघरत होता. मग तो भाजी चिरताना ऐकू येऊ लागला, वर्गात फळ्याकडे वळलं की पाठीमागून ऐकू येऊ लागला. बाईंचं जेवणावरचं मन उडालं. लपवल्याची लाज वाटे अन् सांगितलं तर आपल्यालाही वेड्यात काढतील अशी भीतीही वाटे.

तीन महिन्यांनी त्या उठून रांझीला गेल्याच. भानुमती अंगणात उन्हात मटार सोलत बसली होती, विपुल मोटरसायकल पुसत होता. बाईंनी बसायचीही वाट पाहिली नाही.

"भानुमतीताई, मीही पाहिलं होतं. त्याच दिवशी. तेव्हाच सांगायला हवं होतं, चुकलं माझं."

"काय पाहिलं, मॅडम?"

"तो गोळा. टेकडीवरचा."

"मी तर काही नव्हतं पाहिलं जी," भानुमती शांतपणे म्हणाली. "डोक्याचा त्रास होता. गोळ्यांनी गेला."

मग तिनं हेमलताबाईंकडे निरखून पाहिलं, मांडीवरची ताटली खाली ठेवली आणि त्यांना हाताला धरून खाटेवर बसवलं.

"घरी कोणी आहे ना तुमच्या?" ती मायेनं म्हणाली. "विपुल, बेटा, मॅडमना आपल्या डॉक्टरचा नंबर दे."