दोघांच्या मांडीवरचं कॉमिक

भिवंडीच्या निजामपुऱ्यात आमच्या घराच्या भिंतीला लागून लूमचा, म्हणजे कापड विणणाऱ्या यंत्रमागांचा कारखाना होता. दिवसाची शिफ्ट संपली की रात्रीची सुरू व्हायची, आणि लूम चालू असताना घरात बोलून काही उपयोग नसायचा. म्हणून आई आवाज न काढताच बोलायची. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ती नुसते ओठ हलवायची आणि गल्लीच्या पलीकडे उभ्या असलेल्या बाबांना कळायचं, की मीठ संपलंय, येताना घेऊन या. लूमवरच्या माणसांची ही रीतच होती. कारखान्यात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, म्हणून सगळे तोंडाकडे बघून बोलणं ओळखायचे, मग ते मराठी असो, हिंदी असो की तेलुगू. बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटायचं, ह्या घरात सगळे एकमेकांवर रुसलेत. माझ्या मावशीने तर एकदा आईला बाजूला घेऊन विचारलं होतं, भांडण कशावरून झालंय म्हणून.

बाबा त्याच कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करायचे. आजोबांनी जन्मभर खाडीकाठी भात लावला आणि मासे पकडले. बाबांनी लहानपणीच ते सोडून हातात पाना घेतला, आणि शाळाही त्याच सुमारास सुटली. पुढे त्या खटखटीत त्यांचे कान गेले. हळूहळू गेले, म्हणून कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मी पाचवीत गेले तोवर अगदी कानाशी ओरडलं तरी त्यांना ऐकू येईनासं झालं होतं. आई म्हणायची, "बरा झाला. त्यांनी पाठ फिरवली का मी काय बी बोलाया मोकली!" तेवढ्यात बाबा वळून बघायचे आणि आई गप्प व्हायची.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका चाचांचं भाड्याने पुस्तकं द्यायचं दुकान होतं. दुकान कसलं, पानाच्या टपरीएवढी जागा. आत मागे कादंबऱ्यांचे ढीग आणि समोर दोरीला चिमटे लावून टांगलेली कॉमिक्स, जणू काही चाचांनी सकाळी धुऊनच वाळत घातलीत. ती तेव्हा मासिकाच्या आकाराची असायची. लांबरुंद, पातळ, मधोमध दोन पिना. कागद असा हलका की आठवड्याभरात पिवळा पडायचा, आणि बोटाला रंग लागायचा. पण मध्यावर उघडलं की दोन पानं मिळून एकच चित्र! अख्खं शहर, अख्खा समुद्र, आकाशातून पडणारी आगगाडी. अभ्यासाच्या पुस्तकातली चित्रं त्यापुढे तिकिटाएवढी वाटायची. आणि चित्रातले ते आवाज. भिंत पडली की "धडाम" हा शब्द भिंतीएवढाच असायचा. आमच्यासारख्या घरात तो आवाज आम्हाला फार आवडायचा, कारण शेजारच्या लूमला तो दाबता यायचा नाही.

शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी असायची. अख्खं भिवंडी गप्प व्हायचं, इतकं की कान दुखायचे. मी शाळेतून आले की बाबा हात धुऊन, चिंधीने पुसून, ओट्यावर तयार बसलेले असायचे. हात त्यांना दोनदा धुवावे लागायचे, कारण आधी आई नखं तपासायची. मी चाचांकडून मराठी नाहीतर हिंदी कॉमिक आणलेलं असायचं. ते आम्ही दोघांच्या मांडीवर पसरायचो आणि मी मनातल्या मनात वाचू लागायची. एक कड माझ्या गुडघ्यावर, दुसरी बाबांच्या. बाबा नेहमी कोपऱ्यातल्या खांबाला टेकून, माझ्याकडे तोंड करून तिरके बसायचे. मी म्हणायची, असं चित्र वाकडं दिसतं, सरळ बसा ना माझ्याशेजारी. ते म्हणायचे, "पाठ दुखते गो बाय, मना खांब लागतो."

पान उलटायचं काम त्यांचं. त्यावर मी कधी हक्क सांगितला नाही. माझं शेवटचं वाक्य संपायचं आणि नेमकं त्याच क्षणी त्यांच्या अंगठ्याने पानाचा कोपरा उचललेला असायचा. एकदाही पुढे नाही की मागे नाही. मला त्याचा केवढा अभिमान! मी वर्गात सगळ्यांना सांगत सुटले होते की मी माझ्या बाबांइतक्याच वेगाने वाचते. माझ्या मैत्रिणीचे वडील तिच्याआधी वाचून संपवायचे आणि तिला खालची ओळ वाचू न देताच पान फिरवायचे. तिला माझा हेवा वाटायचा, आणि तो मला फार सुखाचा होता.

विनोद आला की आधी मी हसायची आणि मागोमाग बाबा. त्यांना हसू आवरायचं नाही. खांबाला टेकलेलं त्यांचं अंग गदगदा हलायचं आणि माझ्या गुडघ्यावरचं कॉमिक घसरायचं. आई आतून ओरडायची, "पोर तर पोर, बाप बी तसाच!" ते त्यांना ऐकू येत नव्हतं, मला येत होतं, आणि मी ते त्यांना कधी सांगितलं नाही.

शाळेत मात्र माझं वाचन बाईंना पसंत नव्हतं. मूकवाचनाच्या तासाला सगळ्यांनी मनातल्या मनात वाचायचं असायचं, आणि माझे ओठ हलायचे. आवाज नाही, नुसते ओठ. घरी सगळे तसंच बोलायचे, मग मीही तसंच वाचायची. बाई मला ओठांवर बोट ठेवून वाचायला बसवायच्या. बोटामागेही ओठ हलायचे. बाईंनी कपाळाला हात लावला. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते एकदम म्हणाले, "हलू दे. बाईंचा काय जातंय?" एरवी ते शाळेच्या बाबतीत बाईंच्याच बाजूने असायचे. त्या दिवशी नव्हते, ह्याचं मला नवल वाटलं आणि आनंदही झाला.

मग आमच्या गल्लीत घरोघरी केबल आलं. आमच्याकडेही आलं. दुपारभर कार्टून. पोरांनी चाचांच्या दुकानाकडे पाठ फिरवली, आणि मीही थोडी फिरवलीच, खोटं कशाला बोलू. बाबाही माझ्याबरोबर टीव्हीसमोर बसून बघायचे, पण थोड्याच वेळात चुळबुळ करू लागायचे. एकदा वैतागून म्हणाले, "ह्यांची तोंडा खोटी हायेत. हलतात एक न् बोलतात दुसराच." परदेशी कार्टूनला हिंदी आवाज दिलेला, ओठ कसे जुळणार? मी हसले. मला वाटलं बाबा लहान मुलासारखी तक्रार करतायत.

चाचांच्या दोरीवरचे चिमटे रिकामे होत गेले. एका शुक्रवारी गेले तर दोरीच नव्हती. टेबलावर छोटी, जाडजूड पुस्तकं रचलेली. हातात मावतील एवढीच. एकेका पुस्तकात तीन-चार गोष्टी, पण चित्रं चेपलेली, अक्षरं मुंगीएवढी. मी विचारलं, मोठी कुठं गेली? चाचा म्हणाले, "बेटा, बडा साइज अब नहीं आता. कागज महँगा हो गया, और पढनेवाले उधर चले गए." उधर म्हणजे समोरच्या सायबर कॅफेकडे. तिथे आतमध्ये पोरं दाटीवाटीने बसलेली दिसत होती. चाचांच्या बोलण्यात राग नव्हता. लग्न होऊन गेलेल्या मुलीविषयी सांगावं तसं ते कॉमिकविषयी सांगत होते.

मी ते छोटं पुस्तक घरी नेलं. बाबा हात धुऊन बसलेलेच होते. मांडीवर ठेवलं तर ते एका गुडघ्यावरच मावत होतं आणि आपोआप मिटत होतं. शेवटी मी ते दोन्ही हातांत धरलं, डोळ्यांजवळ नेलं, आणि वाचू लागले. बाबा खांबाला टेकून थोडा वेळ बसले. मग उठले. "तू वाच," म्हणाले, आणि चपला घालून कारखान्याकडे गेले, सुट्टी असताना. पुढच्या शुक्रवारीही तसंच झालं. त्यापुढच्या शुक्रवारी ते ओट्यावर आलेच नाहीत.

मी तेव्हा नुकतीच साडी नेसवण्याच्या चर्चेत आले होते, म्हणजे घरातल्या बायका माझ्याकडे बघून आपसात ओठ हलवायच्या. मला वाटलं, मी मोठी झाले म्हणून बाबा लांब बसतात. आमच्याकडे वयात आलेल्या मुलीशी बाप फार बोलत नाही, हे मी आजूबाजूला बघितलं होतंच. पण आमचं तसं नाही अशी माझी समजूत होती, आणि ती मोडली तेव्हा फार लागलं. मी आईला विचारलं, बाबांना माझा राग आलाय का? आई तांदूळ निवडत होती. "त्यांनाच इचार," म्हणाली. मी विचारलं नाही. त्यांना तोंडावर विचारायचं म्हणजे त्यांच्यासमोर उभं राहून विचारायला हवं होतं, आणि तेवढा धीर मला झाला नाही. बहिऱ्या माणसाला पाठमोरं असताना काही विचारता येत नाही.

काही वर्षं अशीच गेली. आम्ही बोलायचो, नाही असं नाही. जेवलीस का, फी भरलीस का, पावसाची छत्री घे. बारावी झाल्यावर मी डी.एड.ला गेले. कॉलेज वाड्याकडे होतं, म्हणून अंबाडीला मामांकडे राहिले. तिथे आम्हाला मूकवाचन कसं घ्यायचं ते शिकवलं. मुलांचे ओठ हलू द्यायचे नाहीत, त्याने वाचनाचा वेग कमी होतो. पाठ घेताना मीच ओठ हलवायला लागले तर माझे गुण जातील, ह्या भीतीने मी आरशासमोर बसून सराव केला. जी सवय बाईंच्या बोटाने गेली नव्हती, ती परीक्षेच्या भीतीने गेली.

अंबाडी नाक्यावर बस थांबते तिथे एक रद्दीचं दुकान होतं. वज्रेश्वरीच्या गाडीची वाट बघणारे लोक त्याच्या सावलीत उभे राहायचे, मीही राहायची. एकदा सहज ढिगाकडे नजर गेली तर वर्तमानपत्रांखालून एक ओळखीची लांबरुंद कड डोकावत होती. ओढून काढलं तर मोठं कॉमिक! पिना गंजलेल्या, मुखपृष्ठावर कुणीतरी मिशा काढलेल्या, पण पानं सगळी. शिवाय आम्ही न वाचलेलं. रद्दीवाला माझ्याकडे असा बघत राहिला, की एवढ्या मोठ्या मुलीला हे कशाला हवंय. मी ते पिशवीत दुमडू दिलं नाही. भिवंडीच्या बसमध्ये मांडीवर सपाट धरून आणलं.

शुक्रवार होता. गल्ली गप्प होती. चाचांच्या दुकानात आता मोबाईलचे रिचार्ज मिळत होते. बाबा ओट्यावर बसून चहा पीत होते, केस बरेच पांढरे झालेले. मी काही न बोलता ते कॉमिक त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी बशी खाली ठेवली. उठून आत गेले, हात धुतले, परत जाऊन पुन्हा धुतले. आले ते खांबाला टेकून, तिरके होऊन, माझ्याकडे तोंड करून बसले. मला तिथेच भरून आलं. म्हणजे राग नव्हता. कधीच नव्हता.

कॉमिक दोघांच्या मांडीवर पसरलं. एक कड माझ्या गुडघ्यावर, दुसरी त्यांच्या. मी पहिली दोन पानं वाचून काढली आणि त्यांच्या अंगठ्याची वाट बघत थांबले. अंगठा हलला नाही. मला वाटलं, आता त्यांची नजर कमी झाली असेल, वेळ लागत असेल. मी चित्रं पुन्हा बघितली. तरी पान उलटेना. शेवटी मान वर केली, तर बाबा पानाकडे बघतच नव्हते. माझ्या तोंडाकडे बघत होते.

"वाच ना, बाय," ते म्हणाले.

"वाचलं की, बाबा."

"कवा? तुजा तोंड तर हाललाच न्हाय."

मला आधी कळलं नाही. मग सगळं एकदमच कळलं. तो खांब, तो वाकडा बसण्याचा हट्ट, माझ्या हसण्यामागोमाग येणारं त्यांचं हसू, "बाईंचा काय जातंय". टीव्हीवरची खोटी तोंडं. आणि ते छोटं जाडजूड पुस्तक, जे मी दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर धरलं होतं आणि ज्याच्यामागे माझं अर्धं तोंड झाकलं गेलं होतं. माझ्या बाबांना अक्षरं कधी फारशी वाचता येतच नव्हती. चित्र ते पानावर बघायचे आणि गोष्ट माझ्या ओठांवर.

मी दारात उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. तिला माहीत होतं, हे तिच्या चेहऱ्यावरच दिसलं. तिने ओठ हलवले, आवाज न काढता. "वाच."

मी पुन्हा पहिल्या पानावर गेले. गोष्टीच्या नावापासून सुरुवात केली, वरच्या कोपऱ्यातली जाहिरातही सोडली नाही. ओठ आधी अडखळले, सराव सुटला होता. पुढे एक भिंत पडली, तिथे मी तोंड मोठं उघडून "धडाम" म्हटलं, आणि बाबा गदगदा हलले. शेवटचं वाक्य संपलं, माझे ओठ थांबले, आणि त्यांच्या अंगठ्याने पान उलटलं.